ज्वारीची राखण सोडून भरतपूरच्या पाखरांकडे

आधीच सांगून ठेवते, मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते आणि माझी नात ऋतुजा लिहिते. ब्लॉग तिचा. एरवी ती त्यावर पाखरांचे फोटो टाकते आणि खाली दोन ओळी. या वेळी म्हणाली, "आजी, तुझ्यामुळं जाणं झालं, तर तूच सांग." मी म्हटलं, सांगते, पण माझ्या बोलण्याला इस्त्री करायची नाही. ती हो म्हणालीय. तरी केली असेल तर तुम्हाला कळेल, मला कुठून कळणार.

तर भरतपूरला जायचं ठरलं ते हमीदामुळे.

हमीदा माझी शेजारीण, घराचीही आणि रानाचीही. कडा या आमच्या गावाच्या शिवारात आमची दोघींची रानं बांधाला बांध लागून आहेत. तिचा नवरा रहीमभाई बाजारात फळांचा गाडा लावायचा. मागच्या पावसाळ्यात तो गेला. तेव्हापासून हमीदाने बोलणं जवळजवळ सोडून दिलं. काही विचारलं तर हो किंवा नाही. चहा पुढे केला तर पिते, नाही केला तर मागत नाही. रान वाट्याने देऊन टाकलं आणि त्या बाजूला फिरकायचीही थांबली.

तिचा मुलगा सलीम पुण्यात गॅरेज चालवतो. तो म्हणायला लागला, "अम्मी, इथं एकटी कशाला राहती? चल माझ्याकडं." त्याचं काही चुकत नव्हतं. मला काय वाटतं ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पण बांधापलीकडची बाई पुण्याला गेली, की मग आपण वर्षातून एकदा पाव्हणी म्हणून जायचं, सोफ्यावर बसून चहा प्यायचा आणि परत यायचं. तिला भेटायला चप्पल शोधावी लागावी, अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

दिवाळीनंतर एका दुपारी ऋतुजा ओट्यावर बसून मोबाइलवर फोटो दाखवत होती. राजस्थानातलं भरतपूर, केवलादेव राष्ट्रीय उद्यान. उथळ पाणी, पाण्यात बाभळी आणि जिकडेतिकडे पाखरंच पाखरं. हमीदा शेजारी बसली होती. तिने मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "इत्ती पाखरं? मग तिथली ज्वारी कोण राखतं?"

किती महिन्यांनी ती आपणहून काही बोलली होती. मी ती संधी सोडली नाही.

"चल, जाऊन बघू कोन राखतं ते," मी म्हटलं.

"कुटं?"

"तितंच. भरतपूरला."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. ऋतुजालाही तसंच वाटलं. चेष्टा मी करतेच, त्यामुळे खरं बोलले तरी लोक हसून मोकळे होतात.

सलीमला फोन केला तर तो खूश. "न्या मावशी अम्मीला. मन रमंल. तुमी परत आला की मी गाडी घेऊनच येतो." गाडी कशाला, ते मला कळलं. हमीदाने त्याला अजून होकार दिला नव्हता आणि नकारही. "आल्यावर सांगते" एवढंच म्हणाली होती. म्हणजे भरतपूर संपलं की निकाल. मी मनाशी ठरवलं की वाटेत या विषयावर तोंड उघडायचं नाही. मला ओळखणाऱ्यांना हे किती अवघड ते ठाऊक आहे.

जायचं तर कधी जायचं, हे ऋतुजाने नीट बघून ठेवलं होतं. थंडीत लांबलांबची पाखरं येतात, म्हणून कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ चांगला. आम्ही संक्रांत झाल्यावर निघालो, वाणाची सुगडी अजून कोनाड्यातच होती. तुम्ही जाणार असाल तर रेल्वेचं तिकीट लई आधी काढा आणि हाताशी एखादा दिवस मोकळा ठेवा. पौषात तिकडे धुकं असं पडतं की इंजिनवाल्यालाही पुढचं दिसत नाही, गाड्या रखडतात.

निघताना माझा मुलगा म्हणाला, "आई, ज्वारी दाण्यात आलीया. राखण कोन करनार?"

"तुज्या त्या पट्ट्या करतील की," मी म्हटलं. त्याने रानात चकाकणाऱ्या फिती बांधल्यात आणि खांबावर एक भोंगा लावलाय. भोंग्यात कुणा परक्या माणसाचा ओरडा भरलेला आहे. पहिले चार दिवस पाखरं घाबरली. आता भोंग्यावरच बसतात.

राखण काय असते ते शहरातल्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. ज्वारीत दाणा भरला की भोरड्यांचे थवे उतरतात. एवढंसं पाखरू, पण हजाराने येतं आणि घडीभरात कणसं रिकामी करतं. म्हणून रानात चार मेढींवर माळा बांधायचा, दिवसभर त्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची आणि ओरडायचं. लग्न होऊन आले तेव्हा मी माझ्या माळ्यावर आणि पलीकडे हमीदा तिच्या माळ्यावर. मी ओरडले की माझी पाखरं तिच्या रानात. ती ओरडली की परत माझ्या. यावरून आमचं पहिलं भांडण झालं, आणि ते चांगलं रंगलेलं भांडण होतं. मग एके दिवशी तीच बांधावर आली आणि म्हणाली, "कवसे, तू न् मी येकदमच वरडू." कवसा म्हणजे मीच, कौसल्या. दोघी एका दमात ओरडलो तर थवा मधे कुठे टेकेना, थेट पाटलाच्या रानात गेला. तेव्हापासून आमची दोस्ती. पाटलाला कारण कधी कळलं नाही.

कड्यावरून आता नगरला रेल्वे जाते, पण तिची आणि आमच्या दिल्लीकडच्या गाडीची वेळ जुळेना. म्हणून एसटीने गेलो. एसटीत बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडली की फुकट. कंडक्टरने आमची कार्डं बघितली आणि हमीदाला फुकट सोडलं, माझं अर्धं फाडलं. खरं तर मी तिच्याहून थोरली. कार्ड काढताना कुणी काय सांगितलं आणि कुणी काय लिहिलं, देव जाणे. मी म्हटलं, "बघ, सरकारनं तुला म्हातारी ठरवलं." ती नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. पूर्वी असती तर तिने मला नगरपर्यंत सोडलं नसतं.

रेल्वेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाचे लाडू खाल्ले. हमीदाने घरून पेरू आणले होते. ते तिने आम्हाला एकेक निवडून दिले आणि स्वतः अर्धा खाल्ला. मथुरेला उतरलो तेव्हा सकाळ होती म्हणे. दिसत काहीच नव्हतं. धुक्यातून चहावाल्याचा आवाज यायचा आणि मागून चहावाला. कुल्हडातला चहा घ्या, हात शेकतात. तिथून गाडी करून तासाभराहून थोड्या जास्त वेळात भरतपूर. बसनेही जाता येतं. रस्ता चांगला, दोन्ही अंगांना मोहरी फुललेली. एवढं पिवळं रान बघून मला आमची करडई आठवली. करडई अशी मिरवत नाही, काटे घेऊन उभी असते.

उद्यानाच्या फाटकाजवळच लहान लहान राहायच्या जागा आहेत. आमची साधी होती, पण मालकीण गरम पाण्याची बादली दारात आणून ठेवायची, त्यात सगळं आलं. जेवायला बाजरीची भाकरी आणि मोहरीच्या पाल्याची भाजी. त्यांची भाकरी जाड असते. वर तूप घालतात, म्हणून बोलले नाही. दर इथे सांगत नाही, दरवर्षी बदलतात. राहायच्या जागेला आणि रिक्षाला भाव आधी ठरवा, एवढं लक्षात ठेवा.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी ही जागा फार सोयीची. जंगल म्हटलं की चढण येते, झाडोरा येतो. इथे आतून सरळ सपाट डांबरी रस्ता आहे, दोन्ही बाजूंना पाणी, आणि पायडलची रिक्षा मिळते. सायकलही भाड्याने मिळते. ऋतुजाने सायकल घेतली. आम्हा दोघींना बनवारी नावाचा रिक्षावाला मिळाला. तो सगळी नावं इंग्रजीत सांगायचा, ऋतुजा त्यांची मराठीत करायची आणि मला दोन्ही कळायची नाहीत. एक उंच पांढरं पाखरू, चोच पिवळी, पाठीमागे गुलाबी. बनवारीने एक नाव सांगितलं, ऋतुजा म्हणाली चित्रबलाक. मला दिसलं ते असं, की हळदीकुंकवाला कुणी घाईत कुंकवाचा हात त्याच्या शेपटाला पुसलाय. त्यांची घरटी एकेका बाभळीवर दहा-दहा, आणि पिलांचा गलका असा की आठवडी बाजार बरा. कासवं ओंडक्यावर ओळीने ऊन खात होती. नीलगायी पाण्यात उतरून गवत खात होत्या. तिला गाय कुणी म्हटलं, कोण जाणे, घोड्याने नापास केलेलं जनावर दिसतं.

हमीदा सगळं बघत होती.

पुढे गवतात सारसाची जोडी दिसली. माणसाएवढी उंच, डोकं लाल. बनवारीने रिक्षा थांबवली. बहुतेक हे तो सगळ्यांनाच सांगत असावा, पाठ केल्यासारखं सांगितलं, की हे दोघं जन्मभर सोबत असतात आणि एक मेला की दुसरा खाणंपिणं सोडतो, झुरून मरतो. ऋतुजा सायकलवरून त्याला डोळ्यांनी दटावत होती, पण तो पुढे बघून बोलत होता. मी दुसरीकडे बघितलं.

हमीदा बराच वेळ त्या जोडीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "खातं. थोड्या दिसांनी खातं."

बनवारीने मागे वळून बघितलं आणि पुन्हा पायडल मारायला लागला. त्यानंतर त्याने आम्हाला पाखरांच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. एका ठिकाणी थांबून आपल्या थर्मासमधला चहा दिला.

आता पुढचं. हे ऋतुजा गाळणार होती, मी गाळू दिलं नाही.

ऊन उतरणीला लागलं होतं. मोठ्या पाण्याच्या कडेला एक बांध आहे, तिथे माणसं शांत उभी होती. एक टोपीवाले गृहस्थ तोफेएवढा कॅमेरा तिपायीवर ठेवून कधीचे ताटकळत होते. कुणी खोकलं तरी वळून बघायचे. माझा गुडघा भरून आला म्हणून मी एका बाकावर बसले. हमीदा माझ्यापासून थोडी पुढे, पाण्याच्या अगदी काठावर. साधारण आमच्या दोन माळ्यांत असायचं तेवढंच अंतर.

तेवढ्यात आभाळात धूर आल्यासारखा थवा आला. वळला, दाटला, विरळ झाला, आणि समोरच्या बाभळींवर उतरायला लागला. ऋतुजा आता सांगते की त्या आपल्या भोरड्या नव्हत्या, त्यांच्या भाऊबंदांतल्या कुणीतरी होत्या. असतील. पण उतरायची रीत तीच. आधी एक येऊन बसते, बघते, आणि मग सगळं गाव येतं.

हमीदाचा हात कंबरेला गेला, गोफण खोचलेली असायची तिथे. आणि ती ओरडली. "हुऽऽर्र हाऽऽ." कित्येक महिने न वापरलेला आवाज, पण कुठेही गंजला नव्हता.

आणि मी काही विचार करायच्या आत माझ्या तोंडून त्याला जोड गेली.

पाण्यावरून आवाज किती लांब जातो ते मला ठाऊक नव्हतं. भोरड्या उठल्या. त्यांच्यासोबत बदकं उठली, बगळे उठले, लांबच्या पाण्यावरची राजहंसासारखी मोठी पाखरं उठली. ज्यांचा ज्वारीशी उभ्या जन्मात संबंध आला नाही, तीसुद्धा उठली. आभाळ सगळं पंखांचं झालं. मग हळूहळू पाणी रिकामं आणि आभाळही रिकामं. टोपीवाल्यांनी कॅमेऱ्यावरून डोकं उचललं आणि आमच्याकडे बघितलं. ऋतुजा सायकलच्या मागे लपायचा प्रयत्न करत होती. सायकलच्या मागे माणूस लपत नाही.

खाकी कपड्यातला रखवालदार सायकल मारत आला. "अम्मा, ये क्या किया? यहाँ लोग पक्षी देखने आते हैं, भगाने नहीं."

"भगाए नै तो खा जाते ना," हमीदा म्हणाली. आमच्याकडची हिंदी अशीच.

"क्या खा जाते?"

हमीदाने समोर बघितलं. पाणी, गवत, बाभळी. ज्वारीचं एक ताटही कुठे नव्हतं. ती माळ्यावरून एकदम खाली उतरावी तशी दिसली.

"हौ," ती म्हणाली. "यां तो कुछ हैच नै."

रखवालदार चांगला माणूस होता, पण त्याचंही काम होतं. घरट्यांत पिल्लं आहेत, असं दचकवल्याने त्रास होतो, असं त्याने आम्हाला उभं करून समजावलं. बरोबरच होतं त्याचं. आम्ही दोघींनी कान धरले. टोपीवाल्यांची मी माफी मागितली, मराठीतच मागितली, पण चेहऱ्यावरून पोहोचली असावी. त्यांनी मान हलवली आणि तिपायी उचलून लांब गेले. रखवालदाराने बनवारीला सांगितलं, यांना आजच्यापुरतं फाटकाबाहेर ने. उद्या यायचं तर गप्प बसून यायचं. ते लोक तिथली पाखरं राखतात तेही मनापासून, फक्त आमच्या उलट्या बाजूने. तुम्ही जाल तेव्हा ओरडू नका. आमचं झालं ते पुरे.

रिक्षा फाटकाकडे निघाली. मग हमीदाने अगदी गंभीर तोंडाने विचारलं, "कवसे, पाटलाच्या रानात गेली आसतील का गं?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने पदर तोंडात कोंबला होता आणि खांदे हलत होते. मग मलाही आवरेना. बनवारीला काही कळलं नाही, तरी तोही हसायला लागला आणि रिक्षा नागमोडी जायला लागली. मागून सायकलवर ऋतुजा, तोंड फुगवून. संध्याकाळभर ती आमच्याशी बोलली नाही. जेवताना हमीदा तिला म्हणाली, "बेटा, भाकर खा, जाड हाय पर तूप हाय." तेव्हा कुठे हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर तोच रखवालदार. त्याने ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि आम्हाला दोन वेगवेगळ्या रिक्षांत बसवलं. मी शाळेत कधी गेले नाही, पण शाळेत काय करतात ते मला त्या दिवशी कळलं. धुक्यात पाणी आणि आभाळ एकच झालं होतं. पाखरं दिसायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. हमीदाची रिक्षा पुढे होती, तिची नुसती शाल दिसायची. मधोमध महादेवाचं देऊळ आहे, त्यावरूनच उद्यानाचं नाव. तिथे ऊन येईपर्यंत थांबलो. हमीदाने एकाकडून पेरू घेतले, त्याआधी त्याला दहा शब्द सुनावले, की पेरूला वरून पाणी मारून ताजं दाखवतोस का. ती भाव करते ते ऐकून मला रहीमभाईचा गाडा आठवला. तिलाही आठवला असेल. पेरू मात्र तिने पूर्ण खाल्ला.

उद्यानाला दोन दिवस पुष्कळ होतात. आम्ही तिसऱ्या दिवशी मथुरेहून परतीची गाडी धरली. ती उशिरा आली, ते मी आधीच सांगितलंय.

रेल्वेत मी हमीदाला काही विचारलं नाही. जीभ दाताखाली धरून बसले होते. भोपाळच्या पुढे कुठेतरी तीच म्हणाली, "सलीमच्या घरी गॅलरीला जाळी हाय. कबुतरं येत्यात म्हनून."

"बरं हाय की," मी म्हटलं. "घान होत न्हाई."

"घान न्हाई होत." आणि मग, "हाकलायचं कामच न्हाई ठेवलं."

एवढंच. मी लाडवाचा डबा पुढे केला.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन मी बांधावर गेले. आमच्या भोंग्यावर पाखरं बसलेली. आणि पलीकडे, वाट्याने दिलेल्या तिच्याच रानात, ज्वारीत, डोक्याला फडकं बांधून हमीदा उभी. माळा नव्हता, म्हणून पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढली होती. मला बघून म्हणाली, "कुटं व्हतीस? मगाचधरनं येकटी वरडतीया."

दुपारी रस्त्यावर सलीमची गाडी थांबली. घराला कुलूप बघून तो रानाकडे आला. "मावशी, अम्मी कुटं हाय?" मी हनुवटीने दाखवलं. ज्वारीतून तिचा आवाज आला, थवा उठला आणि त्याच्या डोक्यावरून पाटलाच्या रानाकडे गेला. पोरगा वर बघतच राहिला. आपल्या आईचा हा आवाज त्याने लहानपणी ऐकला असेल, त्यानंतर नाही.

"अम्मी, निघायचं ना?"

"ज्वारी निगू दे," हमीदा टाकीवरूनच म्हणाली. "मग बगू."

त्याने माझ्याकडे बघितलं. "मावशी, ज्वारी कधी निघती?"

"निघंल की," मी म्हटलं.

मग आम्ही त्याला हुरडा भाजून दिला. पोटभर खाल्ला त्याने, आईच्या हाताने खाल्ला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत पुण्याला गेला. डिकीत हुरड्याची पिशवी होती, सामान नव्हतं.

आता ज्वारी निघाली की चिंचा झोडायच्या असतात. चिंचा झाल्या की कुरडया-पापड. मग मिरग, आणि मिरग आला की पेरणी. सलीमला आम्ही फक्त ज्वारीचं सांगितलंय. तुम्हीही बाकीचं सांगू नका.